फिल्टरची दोन टोके

(अकादमीच्या वार्षिक चर्चासत्रात, 'विज्ञानविषयक मराठी' या सत्रात इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मराठी विभाग' असे छापले आहे आणि विषयाच्या जागी 'हौशी रेडिओतील फिल्टर आणि इम्पिडन्सची जुळणी'. दोन वेगळ्या वक्त्यांच्या ओळी एकत्र झाल्या का, असे सकाळपासून तिघांनी मला विचारले. तसे काही झालेले नाही. मी साहित्य शिकवतो, माझा प्रबंध कादंबरीवर आहे, आणि गेली बरीच वर्षे माझ्याकडे हौशी रेडिओचा परवानाही आहे. संध्याकाळी वह्या तपासून झाल्या की मी सात मेगाहर्ट्‌झवर पाच वॉटच्या, घरीच जोडलेल्या यंत्रावरून लोकांशी बोलतो. पाच वॉट म्हणजे घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढी शक्ती.

विज्ञान आणि मराठी हा विषय निघाला की आपण शब्दांच्या याद्या करू लागतो. याद्यांची गरज मी नाकारत नाही. पण शब्द यादीत असतो तेव्हा तो काहीच करत नाही. तो वाक्यात गेला की त्याची परीक्षा सुरू होते. म्हणून आज मी एकच वस्तू घेतो. तीन कपॅसिटर आणि दोन कॉइल, एवढीच ती वस्तू आहे. ती मराठीतून समजावून सांगता येते का, आणि सांगताना कुठला शब्द हात देतो व कुठला दगा देतो, हे आपण पाहू.

आमच्या इंदुरात या प्रश्नाला धार आहे. इथल्या मराठी घरांत मूल मराठीत हट्ट करते, मराठीत आरती म्हणते, आणि आकडा आला की हिंदीत किंवा इंग्रजीत जाते. पाढे त्याच्यासाठी 'पहाडे' झालेले असतात. माझ्या वर्गात एका विद्यार्थ्याने रेडिओच्या लहरींविषयी लिहिताना 'आवृत्ती' हा शब्द वापरला. हिंदीत आवृत्ति म्हणजे फ्रिक्वेन्सी. मराठीत आवृत्ती म्हटले की पुस्तक डोळ्यांसमोर येते. त्या मुलाला मराठी 'कंप्रता' किंवा 'वारंवारिता' कुणी कधी ऐकवलेच नव्हते. ज्या भाषेत मोजमाप होत नाही ती भाषा घरात किती दिवस टिकेल, याची मला खरोखर काळजी वाटते, आणि ही काळजी कवितांच्या कार्यक्रमांनी मिटणारी नाही.

आता मूळ शब्दाकडे येऊ. 'इम्पिडन्स' हा शब्द १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाने घडवला. हेविसाइड गरीब घरातला, लहानपणच्या आजाराने ऐकू कमी येणारा, सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला आणि काही वर्षे तारयंत्रावर नोकरी केलेला. पुढे नोकरी सोडून तो घरी बसला आणि विजेच्या गणितात बुडाला. इंडक्टन्स, अॅडमिटन्स हे शब्दही त्याचेच. इम्पिडन्सच्या मुळाशी एक लॅटिन क्रियापद आहे आणि त्यात 'पाय' दडलेला आहे. पाय अडकवणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे 'खोडा घालणे' म्हणतात, ते अगदी हेच. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी सापळा. दोन दूरच्या भाषांनी अडवणुकीसाठी एकच चित्र निवडले, याचा मला शब्दांचा मास्तर म्हणून आनंद होतो.

मराठीत इम्पिडन्सला 'संरोध' म्हणतात, हिंदीत 'प्रतिबाधा'. माझा कौल संरोधला आहे. 'रोध' हा साधा विरोध. तो विजेची उष्णता करतो आणि ती गेली ती गेली. कॉइल आणि कपॅसिटर यांचा विरोध वेगळा आहे. ते ऊर्जा खात नाहीत, क्षणभर धरून ठेवतात आणि परत करतात. कॉइलमध्ये प्रवाह दाबामागे रेंगाळतो, कपॅसिटरमध्ये तो दाबाच्या पुढे धावतो. ही धरपकड आणि साधा रोध मिळून जे होते ते संरोध. 'सं' या उपसर्गाने 'एकत्र' हा अर्थ आणला आहे, आणि तो इथे बरोबर बसतो.

संरोधाची जुळणी कशाला लागते? याचे उत्तम उदाहरण आत्ता या सभागृहातल्या प्रत्येकाच्या कानात चालू आहे. आवाज हवेतून येतो, पण आतल्या कानात द्रव आहे. हवा हलवायला सोपी, द्रव हलवायला जड. हवेतली ध्वनिलहर सरळ पाण्यावर आदळली तर तिच्या ऊर्जेच्या हजार भागांपैकी साधारण एकच भाग आत शिरतो, बाकी परत फिरते. मग ऐकू कसे येते? कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे आहेत. पडद्याचे क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्याच्या सुमारे १७ पट, आणि हाडांच्या तरफेचा फायदा सुमारे १.३ पट. दोन्ही मिळून दाब सुमारे २२ पटींनी वाढतो, आणि हवेचा हलका हात द्रवाच्या जड दाराला पुरतो. नवी शक्ती कुठूनही आलेली नाही. असलेलीच शक्ती समोरच्याला घेता येईल अशा रूपात दिली, एवढेच.

'मॅचिंग' या शब्दाने मात्र आपल्याकडे घोटाळा केला आहे. बाजारात मॅचिंग सेंटर असते, तिथे साडीच्या रंगाचाच ब्लाउजपीस मिळतो. त्यामुळे मॅचिंग म्हणजे सारखेपणा, असे मनात बसते. रोधाच्या बाबतीत ते चालते: ५० ओहमच्या स्रोताला ५० ओहमचा भार दिला की जास्तीत जास्त शक्ती जाते. पण स्रोतात कॉइलसारखी रेंगाळण्याची वृत्ती असेल तर भारात तेवढीच, पण उलटी, कपॅसिटरची पुढे धावण्याची वृत्ती हवी. दोघे सारखेच रेंगाळणारे असतील तर जुळले असे म्हणता येत नाही. तानपुरा जुळवणे म्हणतो त्यातला 'जुळवणे' मला इथे जास्त जवळचा वाटतो. चारही तारा एका सुरात आणून कुणी तानपुरा जुळवत नाही. म्हणून मी 'जुळणी' म्हणतो आणि मॅचिंग साडीवाल्यांकडे राहू देतो.

न जुळल्यास किती बिघडते, हे आकड्यांत पाहू. ५० ओहमच्या स्रोताला ७५ ओहमचा भार लावला तर ४ टक्के शक्ती परत फिरते. २०० ओहमचा लावला तर ३६ टक्के. पहिल्या बाबतीत हौशी माणसाने झोप उडवून घेऊ नये. मीटरचा काटा थोडा हलला म्हणून गच्चीवर चढणारे लोक मला माहीत आहेत. अँटेनापेक्षा त्यांच्या गुडघ्यांचीच मला जास्त चिंता वाटते.

फिल्टरचा जन्मही याच चिंतेतून झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टेलिफोनच्या लांब तारांवर आवाज विरून जाई. हेविसाइडने गणिताने दाखवले की तारेत इंडक्टन्स वाढवला तर आवाज कमी बिघडेल. अमेरिकेत जॉर्ज कॅम्पबेल आणि मायकेल प्यूपिन यांनी तारेवर ठराविक अंतराने कॉइल बसवण्याचा मार्ग काढला, आणि पेटंट प्यूपिनच्या पदरात पडले. अशा तारेत एक गोष्ट दिसली: एका मर्यादेपर्यंतचे सूर नीट जातात आणि त्यापुढचे एकदम अडतात. तारेची स्वतःची धारकता आणि मध्ये मध्ये कॉइल, म्हणजे नकळत तयार झालेला लो-पास फिल्टरच होता तो. त्यातूनच कॅम्पबेलने मुद्दाम रचलेला फिल्टर काढला, आणि १९१५च्या सुमारास जर्मनीत कार्ल विली वॅग्नर स्वतंत्रपणे तिथेच पोचला. पुढे ऑटो झोबेल याने १९२३ साली आपली पद्धत मांडली. त्याच्या खटाटोपाचा मोठा भाग एकाच प्रश्नावर खर्च झाला आहे: फिल्टरचा संरोध कंप्रतेप्रमाणे बदलतो, मग त्याला दोन्ही टोकांशी जुळते कसे ठेवायचे?

आता 'फिल्टर' या शब्दाकडे. वर्गात समजावताना पहिला शब्द तोंडात येतो तो 'गाळणी'. मीही वापरतो. पण तो कुठपर्यंत साथ देतो हे सांगितलेच पाहिजे. चहाच्या गाळणीत चोथा अडकतो आणि गाळणीतच राहतो. गाळणीखाली कप आहे की पातेले, याने गाळणीला फरक पडत नाही. आपल्या तीन कपॅसिटर-दोन कॉइलच्या फिल्टरला या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. कॉइल आणि कपॅसिटर ऊर्जा खात नाहीत, हे आत्ताच पाहिले. मग अडवलेली लहर राहील कुठे? ती राहत नाही. आल्या वाटेने परत जाते. हा फिल्टर चोथा धरून ठेवणारी गाळणी नसून दारावरचा पहारेकरी आहे, आणि परत पाठवलेला माणूस गल्लीत काय गोंधळ घालतो हे ज्याचे त्याने पाहायचे. गाळणीच्या शब्दावर विसंबलेला विद्यार्थी फिल्टर विकत आणतो, मध्ये लावतो आणि काम झाले म्हणतो.

प्रत्यक्ष वस्तू घेऊ. सात मेगाहर्ट्‌झच्या प्रक्षेपकातून सातबरोबरच चौदा, एकवीस अशा दुप्पट-तिप्पट कंप्रतेच्या नको असलेल्या लहरीही निघतात. त्या बाहेर गेल्या तर दुसऱ्याच्या कामात व्यत्यय येतो. अमेरिकेच्या नियमांत ३० मेगाहर्ट्‌झखालच्या हौशी प्रक्षेपकांसाठी अशा लहरी मुख्य लहरीपेक्षा किमान ४३ डेसिबलने खाली हव्यात. म्हणजे वीस हजारात एक भाग. पाच वॉटच्या यंत्रात पाव मिलिवॉट. यासाठी हौशी लोकांचा एक जुना सोपा फिल्टर आहे, त्याला हाफ-वेव्ह फिल्टर म्हणतात. आधी एक कपॅसिटर जमिनीकडे, मग वाटेत कॉइल, मग मधला कपॅसिटर जमिनीकडे, मग दुसरी कॉइल, शेवटी तिसरा कपॅसिटर. रचनेचा नियम एका वाक्याचा आहे: सात मेगाहर्ट्‌झला प्रत्येक कॉइलचा आणि कडेच्या प्रत्येक कपॅसिटरचा विरोध ५० ओहम यावा, आणि मधला कपॅसिटर कडेच्याच्या दुप्पट. हिशेब केला की कॉइल सुमारे १.१४ मायक्रोहेन्री, कडेचे कपॅसिटर ४५५ पिकोफॅरड, मधला ९१०. दुकानात ४७० मिळतो, मधल्या जागी दोन ४७० शेजारी शेजारी लावायचे. कॉइलसाठी टी ५०-२ नावाचे, अर्ध्या इंच व्यासाचे लाल लोहचूर्णाचे कडे घ्यायचे आणि त्यावर तारेचे पंधरा वेढे द्यायचे. तार कड्याच्या भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजणारे हमखास एक चुकतात.

या फिल्टरला दोन्ही बाजूंना ५० ओहम मिळाले तर सात मेगाहर्ट्‌झची लहर जवळजवळ पूर्ण जाते. चौदाची २५ डेसिबलने घटते, म्हणजे सव्वातीनशेत एक भाग उरतो. एकवीसची सुमारे ४६ डेसिबलने घटते. प्रक्षेपकाने स्वतःच चौदाची लहर मुळात कमी ठेवली असेल तर काम भागते. नसेल तर मोठा, सात घटकांचा फिल्टर घ्यावा.

मात्र हे आकडे 'दोन्ही बाजूंना ५० ओहम' या अटीवर उभे आहेत. ही अट पुस्तकात तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात असते. आणि ५० हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. हवेच्या आवरणाच्या केबलमध्ये कमीत कमी हानी ७७ ओहमच्या आसपास होते, जास्तीत जास्त शक्ती ३०च्या आसपास वाहते. ५० ही मधली तडजोड, आणि तडजोडीची प्रथा झाली.

आता माझी अँटेना पाहा. सातसाठी सुमारे वीस मीटर लांबीची तार, मधोमध कापून तिथे केबल जोडलेली. मोकळ्या अवकाशात अशा तारेचा संरोध ७३ ओहम. गच्चीच्या उंचीनुसार तो बदलतो, पण पन्नासच्या शेजारीच असतो. चौदा मेगाहर्ट्‌झला मात्र तीच तार पूर्ण लहरीइतकी लांब ठरते आणि मधोमध तिचा संरोध काही हजार ओहम होतो. म्हणजे ज्या कंप्रतेला फिल्टरने अडवावे असे मला वाटते, नेमक्या त्याच कंप्रतेला त्याच्या शेवटच्या टोकाला ५० ओहम नाहीत. शिवाय मधली केबल आपल्या लांबीप्रमाणे हा संरोध वेगळाच करून फिल्टरला दाखवते.

मी एक हिशेब करून पाहिला. समजा, केबलच्या लांबीमुळे चौदा मेगाहर्ट्‌झला फिल्टरच्या टोकाशी ५ ओहमचा रोध आणि ३५ ओहमचा कॉइलसारखा विरोध दिसतो आहे. घटक तेच, वेढे तेच. तरी चौदाची लहर आता २५ऐवजी साडेतेरा डेसिबलनेच घटते. सव्वातीनशेत एक उरत होता, तो आता बाविसात एक. फिल्टरच्या आत काहीही बदललेले नाही. फिल्टरचा शेवटचा कपॅसिटर आणि बाहेरची कॉइलसारखी वृत्ती यांनी आपापसात संधान बांधले, आणि पहारेकऱ्याच्या पाठीमागून दार किलकिले झाले. उलट ५०० ओहमचा साधा रोध लावला तर चौदाची लहर ३३ डेसिबलने घटते, कागदावरच्यापेक्षा जास्त. पण तेव्हा सातच्या लहरीचाही एक तृतीयांशच भाग पलीकडे पोचतो. म्हणून 'हा फिल्टर किती अडवतो' या प्रश्नाला 'कुणाच्या आणि कुणाच्या मध्ये' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. फिल्टरचे गुण हे त्या तीन-दोन घटकांच्या मालकीचे नाहीत. दोन्ही टोके मिळून ते ठरतात.

या रचनेतली एक गंमत भाषेच्या लोकांना आवडेल. यातला अर्धाच भाग घेतला, म्हणजे दोन कपॅसिटरांमध्ये एक कॉइल, तर तो सातला समोरचा संरोध उलटा करून दाखवतो: २०० ओहम लावले तर मागून १२.५ दिसतात. दोन अर्धे जोडले की उलट्याचे उलट होऊन पुन्हा २०० दिसतात. 'नाही असे नाही' या आपल्या बोलण्यासारखेच आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की हा फिल्टर सातला स्वतः जुळणी करत नाही. अँटेना बिघडलेली असेल तर ते बिघडलेपण जसेच्या तसे प्रक्षेपकाला कळवतो. मला हा गुण वाटतो.

परत आलेल्या लहरीचे काय, हे राहिलेच. प्रक्षेपकात ती ट्रान्झिस्टरकडे परत जाते. काही प्रकारच्या रचनेत तिचा उपयोग करून घेता येतो, काहींत ट्रान्झिस्टर अस्थिर होतो. ग्राहीत तर ती फार त्रास देते. तिथे चार डायोडच्या कड्याचा मिक्सर असतो. त्याला आपल्या तोंडाशी सगळ्याच कंप्रतांना ५० ओहम लागतात, हव्या असलेल्यांना आणि नको असलेल्यांनाही. नको असलेली लहर परत आली की मिक्सर तिलाच पुन्हा कालवतो आणि भलतेच आवाज तयार होतात. त्यासाठी डिप्लेक्सर लावतात: हवी ती लहर एका वाटेने पुढे जाते आणि नको ती दुसऱ्या वाटेने ५० ओहमच्या रोधकात जाऊन उष्णता होऊन संपते. मिक्सरला दोन्हीकडे ५० ओहमच दिसतात. चहाच्या गाळणीचा खरा भाऊ शोधायचाच झाला तर हा आहे, कारण इथे चोथ्याची सोय केलेली आहे.

हे सगळे महागड्या प्रयोगशाळेचे काम आहे, असे विद्यार्थ्यांना वाटते. त्यांना मी हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिट-एक्स या यंत्राविषयी सांगतो. भारतात बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून घरी जोडता यावे म्हणून त्यांनी ते रचले आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते जोडले. सुरुवातीच्या आवृत्तीत (इथे आवृत्ती हा शब्द मराठीच आहे) परदेशी कडी मिळत नाहीत म्हणून त्यांनी कॉइली नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या. मी वॉशरवर तार गुंडाळायला दिली तेव्हा मराठी विभागातली मुले पदार्थविज्ञानातल्या मुलांइतकीच उत्साहाने गुंडाळत होती. वेढे मोजताना मी एकच अट घातली होती: मराठीत मोजायचे. एकवीसपर्यंत सगळे ठीक चालले. 'पंचवीस' आणि 'पच्चीस' यांची गल्लत झाली तेव्हा एका मुलीने सगळे वेढे उलगडून पुन्हा सुरुवात केली.

त्याच मुलांना मी नंतर दीड पानाचे टिपण लिहायला सांगितले: 'फिल्टर काय करतो'. शब्द कुठलेही वापरा, इंग्रजी वापरला तरी चालेल, पण वाक्य मराठी हवे आणि ते खरे हवे. वीस-बावीस टिपणांत 'संरोध' हा शब्द चारच ठिकाणी होता, 'इम्पिडन्स' बहुतेकांनी लिहिला. मला त्याचे दुःख झाले नाही. पण एकाने लिहिले होते, 'फिल्टर नको ती लहर मागे सारतो, म्हणून मागे कोण उभा आहे ते आधी बघावे.' यात पारिभाषिक शब्द एकही नाही आणि चूकही नाही. अशी दोनशे वाक्ये मराठीत लिहिली गेली की संरोध हा शब्द त्यांच्यात आपोआप बसेल. नुसत्या शब्दकोशात ठेवला तर तो तिथेच राहील. अकादमीच्या अंकाने दर वर्षी अशा एका तरी टिपणाला पान द्यावे, अशी माझी संपादक मंडळाला विनंती आहे. कविता दोन कमी छापल्या तरी चालतील. कवींनी रागावू नये, त्यांच्यात मीही एक आहे.

बाहेरच्या टेबलावर हाच फिल्टर, ५० ओहमचा रोधक आणि पाचशे ओहमचा रोधक ठेवला आहे. चहाच्या सुट्टीत आपण स्वतः अदलाबदल करून मीटर पाहावा. चौदाची लहर दाखवणारे यंत्र पदार्थविज्ञान विभागाने दिले आहे, त्यांचे आभार. ते पाच वाजता परत करायचे आहे.